गिळता येईल असं औषध

कांगोमध्ये एका नदीच्या काठी एक गाव होतं. नदी फार मोठी नव्हती, पण गावाचं सगळं तिच्यावरच चालायचं. पुरुष होडी घालून मासे धरायचे. बायका कसावाचे कंद आणून काठालगतच्या साचलेल्या पाण्यात भिजत घालायच्या. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात, तोच हा कंद. तिथला कसावा कडू असतो, त्यात विष असतं. तीन-चार दिवस पाण्यात मुरला की विष उतरतं, कंद मऊ पडतो. मग तो सोलायचा, वाळवायचा, कुटायचा आणि त्याच्या पिठाचा गोळा शिजवून खायचा. त्यामुळे रोज कुणी ना कुणी बाई त्या पाण्यात गुडघाभर उभी असायची.

पाण्याच्या कडेला दाट झाडी होती आणि झाडीत त्से-त्से माशी होती. ही माशी दिवसाउजेडी चावते आणि तिची सुई अंगावरच्या कपड्यातूनही आत जाते. एका सकाळी ती एका बाईला मानेमागे चावली. बाईनं चापट मारली आणि ती पुन्हा कंद उलटायला लागली. असं रोजच व्हायचं.

त्या माशीच्या लाळेतून एक परजीवी तिच्या रक्तात उतरला होता.

काही आठवड्यांनी बाईला ताप आला. आला तसा गेला, पुन्हा आला. अंगाला खाज सुटली, मानेमागे गाठी आल्या. तिनं झाडपाला लावला आणि काम चालू ठेवलं. वर्ष गेलं, दुसरं लागलं, आणि बाई बदलायला लागली. रात्री सगळं गाव निजलं की ती अंगणात येरझाऱ्या घालायची. दुपारी कुटता कुटता हातात मुसळ धरून तिला झोप लागायची. कधी कुणाला उलट न बोललेली ती बाई सासूच्या अंगावर धावून जायला लागली. लेकीचं नाव विसरायला लागली.

शेजारी म्हणाले, करणी झाली. नवऱ्यानं मांत्रिकाला दोन बकऱ्या दिल्या. गुण आला नाही. शेवटी त्यानं तिला तिच्या आईकडे पोचवलं. सोबत अकरा वर्षांची मुलगी होती.

त्या मुलखात तपासणीचं एक फिरतं पथक होतं. पथकात एक वयस्कर नर्स होता. त्या भागात वडीलधाऱ्या माणसाला ताता म्हणतात, म्हणून लहानथोर सगळेच त्याला ताता म्हणायचे. वाट असेल तिथवर मोटारसायकलवर, पुढे होडीत आणि त्याच्याही पुढे पायी, अशी त्याची फिरती असे. सूक्ष्मदर्शकाची पेटी तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

गावात पोचलं की आंब्याच्या झाडाखाली टेबल मांडायचं, वही उघडायची आणि एकेकाला बोलवायचं. आधी मान चाचपायची. मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डावर तपासणीच्या द्रवात घोळायचा. थेंबात कण गोळा झाले की संशय. मग सूक्ष्मदर्शक. ताता काचेखाली बराच वेळ पाहत राहायचा. परजीवी एकदम दिसत नाही. आधी एका ठिकाणच्या लाल पेशी उगाच हलताना दिसतात, जणू त्यांना कुणी ढोसतं आहे. तिथे नजर ठेवली की मग तो शेपटीदार, वळवळणारा जीव दिसतो.

बाईच्या रक्तात तो दिसला. मग तिच्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. त्यातही तो होता. म्हणजे आजार मेंदूपर्यंत गेला होता. हा निद्रारोग. उपचार केला नाही, तर माणूस झोपेतच बेशुद्धीत जातो आणि मरतो.

मेंदूत गेलेल्या आजारावर तेव्हा तातापाशी एकच औषध होतं. त्याचं नाव मेलार्सोप्रोल. ते 1949 सालापासून वापरात होतं आणि सोमलापासून केलेलं होतं. प्लॅस्टिकची सिरिंज त्यात विरघळायची, म्हणून ताता काचेची सिरिंज उकळून घ्यायचा. शिरेत जाताना ते आग व्हावी तसं जाळत जायचं. शिरेबाहेर एक थेंब सांडला तरी मांस झडायचं. आणि ज्यांना ते द्यायचं, त्या दर वीस जणांतला साधारण एक जण त्या औषधानंच मरायचा. कोण मरणार, हे आधी कुणालाच कळत नसे.

तातानं बाईचा हात धरला, शीर शोधली आणि सावकाश सुई दिली. बाई ओरडली. मुलगी दाराशी उभी राहून पाहत होती. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. बाईनं लेकीला नावानं हाक मारली, तेव्हा आजी रडली. पाचव्या दिवशी पहाटे बाईला आकडी आली, आणि दुपार व्हायच्या आत ती गेली.

पुरून आल्यावर मुलगी ताताजवळ आली.

“ताता, आईला आजारानं नेलं की सुईनं?”

खोटं बोलणं सोपं होतं. तो म्हणाला, “सुईनं. सुई दिली नसती तर आजारानं नेलंच असतं, बाळ. पण आज नेलं ते सुईनं.”

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तापावर तुम्ही गोळी देता. तशी गिळायची गोळी यावर का नाही?”

तातापाशी उत्तर नव्हतं. तो नदी उतरून पुढच्या गावाला गेला, पण मुलीचा प्रश्न त्याच्यासोबत गेला.

त्या काळात हा आजार फार माजला होता. 1998 साली एकट्या त्या देशात सव्वीस हजारांवर रुग्णांची नोंद झाली, आणि जिथे पथक पोचलंच नाही तिथली तर नोंदही नव्हती. ताता जो भेटेल त्याला तो प्रश्न विचारायचा. राजधानीहून आलेल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “मेंदूभोवती निसर्गानं कडक पहारा ठेवलेला आहे. गोळीतलं औषध सहसा तिथवर जात नाही.” मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, “नवं औषध काढायला अमाप पैसा लागतो, ताता. या गावांत ते विकत कोण घेणार?” एका अधिकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “आहे त्यावर भागवा.”

ताता भागवत राहिला. पण विचारायचं त्यानं सोडलं नाही.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा जगात होतं. ती जन्मायच्याही आधीपासून होतं. जर्मनीत होक्स्ट नावाची मोठी कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेत एक पदार्थ तयार झाला होता, फेक्सिनिडॅझोल. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो उंदरांना देऊन पाहिला गेला, आणि निद्रारोगाचा परजीवी त्यानं मरतो असं दिसलं. तसं छापूनही आलं. पुढे कंपनीनं उष्ण प्रदेशांतल्या रोगांवरचं काम बंद केलं. पदार्थ वाईट निघाला, म्हणून तो बाजूला पडला असं झालं नाही. तो पुढे न्यायला कुणी उरलं नाही, इतकंच झालं. कागद कपाटात गेले आणि तिथेच राहिले. तितकी वर्षं तातानं काचेची सिरिंज उकळली.

आणखी एक औषध असंच हातचं जाता जाता वाचलं. एफ्लॉर्निथिन मुळात कर्करोगासाठी केलेलं होतं. निद्रारोगावर ते इतकं चाललं, की बेशुद्धीत गेलेली माणसं उठून बसायची. अमेरिकेत 1990 मध्ये त्याला मान्यताही मिळाली. पण त्यातून पैसा येईना, म्हणून त्याचं उत्पादन थांबलं. मग कळलं, की तेच औषध क्रीम करून लावलं तर बायकांच्या चेहऱ्यावरची नको असलेली लव वाढत नाही. ते क्रीम 2000 साली बाजारात आलं. डॉक्टरांच्या संघटनांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेनं आवाज उठवला, तेव्हा 2001 साली कंपनीनं औषध पुन्हा तयार करून फुकट द्यायचं कबूल केलं.

ते ताताच्या दवाखान्यात पोचलं, तेव्हा त्यानं काचेची सिरिंज कपाटात ठेवून दिली. हे औषध तसं मारत नव्हतं. पण ते सलाइनमधून द्यायचं, दर सहा तासांनी, चौदा दिवस. एका माणसाला छप्पन्न वेळा. पुढे 2009 पासून त्याला दुसऱ्या एका गोळीची जोड मिळाली आणि छप्पन्नचे चौदा झाले. तरी बाटल्या, नळ्या, सुया, निर्जंतुक पाणी असे खोकेच्या खोके डोक्यावरून आणि होडीतून आणावे लागत. रात्री सलाइन लावायला जागी असलेली नर्स लागे, खाट लागे. ज्या गावात खाटच नाही, तिथल्या रुग्णानं चार दिवस चालत दवाखान्यात यायचं आणि घरातलं एक माणूस दोन आठवडे सोबत ठेवायचं. पुष्कळ जण येतच नसत.

मधल्या काळात जगात एक चांगली गोष्ट घडली होती. ‘सीमांविना डॉक्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेला 1999 चं शांततेचं नोबेल मिळालं होतं. त्या पैशाचा काही भाग वापरून 2003 साली जिनिव्हात एक संस्था उभी राहिली. ज्या रोगांकडे औषध कंपन्या पाहत नाहीत, त्यांच्यासाठी औषधं तयार करणं हे तिचं काम ठरलं. डीएनडीआय हे तिचं छोटं नाव. ब्राझील, केनिया, मलेशिया इथल्या संस्थांबरोबर आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही तिच्या संस्थापकांत होती.

त्यानंतर एकदा शहरातून काही माणसं ताताच्या दवाखान्यात आली. त्यांच्यापाशी औषध नव्हतं, वही होती. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, “ताता, तुम्हाला कसं औषध हवं?”

इतक्या वर्षांत तातानं सगळ्यांना विचारलं होतं. त्याला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. त्यानं घाई केली नाही.

“गिळता येईल असं हवं,” तो म्हणाला. “आजार रक्तात असो की मेंदूत, दोन्हीला एकच हवं. थोड्या दिवसांत संपणारं हवं. इथे फ्रिज नाही, ऊन फार, त्यात टिकणारं हवं. आणि…” इथे तो थांबला. “घेतल्यानं माणूस मरू नये.”

माणसांनी ते वहीत उतरवून घेतलं. औषधाची जडणघडण प्रयोगशाळेत सुरू होते असं आपण धरून चालतो. मला वाटतं, या औषधाची ती अशा ओसऱ्यांवर सुरू झाली. रेणू पुढे सापडायचा होता. तो कसा असायला हवा, हे आधी त्याच माणसांनी सांगितलं ज्यांच्या हातात सुई होती.

शोध 2005 मध्ये सुरू झाला. शास्त्रज्ञांनी ठरवलं, की अगदी नवं काही घडवण्याआधी जुनं उकरून पाहायचं. नायट्रोइमिडॅझोल म्हणून औषधांचं एक कुळ आहे. त्यातलं मेट्रोनिडॅझोल आपल्याकडे पोट बिघडलं की डॉक्टर हमखास लिहून देतात. या कुळातले पदार्थ परजीवींना मारतात, हे ठाऊक होतं. पण त्यांतले काही माणसाच्या जनुकांनाही इजा करतील अशी भीती होती, आणि त्या भीतीनं सगळं कुळच बदनाम झालं होतं. शास्त्रज्ञांनी कंपन्यांची आणि विद्यापीठांची दारं ठोठावली, जुने निबंध वाचले, विसरलेले नमुने मागवले. असे सातशेहून अधिक पदार्थ गोळा झाले.

मग चाळण लागली. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्रयोगशाळेत परजीवींवर एकेक पदार्थ घालून पाहिला. बरेच तिथेच गळले. उरलेले आजारी उंदरांना पाजले. काही रक्तातला परजीवी मारत, पण मेंदूतल्यापर्यंत पोचत नसत. काही पोचत, पण पोटातून रक्तात नीट उतरत नसत. काही सगळं करत, पण त्यांचा भरवसा वाटत नसे. शेवटी वर राहिलेला पदार्थ कपाटातलाच निघाला, फेक्सिनिडॅझोल.

त्याच्यावरही तो जुना संशय होता. जंतूंवर केलेल्या चाचणीत तो जनुकांना इजा करतो असं दिसत होतं. इथे शास्त्रज्ञांनी घाईनं ना हो म्हटलं, ना नाही. इजा का होते, हे त्यांनी शोधलं. या जंतूंकडे एक एन्झाइम असतं, जे औषधाला हात लावून त्याचं विष करतं. निद्रारोगाच्या परजीवीकडेही तसंच एक असतं. माणसाच्या पेशींत ते नसतं. चोरानं स्वतःच्याच हातानं विषाची कुपी फोडावी, तसा परजीवी या औषधानं मरत होता. सस्तन प्राण्यांच्या पेशींवर आणि जिवंत प्राण्यांवर पुन्हा चाचण्या घेतल्या, तेव्हा इजा दिसली नाही. ज्या गुणामुळे औषध संशयात सापडलं होतं, त्याच गुणामुळे ते परजीवीला नेमकं लागत होतं.

होक्स्ट कंपनी तोवर विलीन होत होत सानोफीचा भाग झाली होती. 2009 मध्ये सानोफीनं गोळ्या तयार करायची बाजू उचलली, आणि त्याच वर्षी निरोगी स्वयंसेवकांना औषध देऊन पाहणं सुरू झालं. तेव्हा एक साधीच पण फार मोलाची गोष्ट कळली. उपाशीपोटी घेतलं तर औषध अंगात पुरेसं उतरत नव्हतं. जेवणासोबत घेतलं, की कितीतरी जास्त उतरत होतं.

आता खरी परीक्षा रुग्णांवर व्हायची होती. 2012 साली ती कांगोत सुरू झाली, आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातही. त्या सगळ्या कामाचे प्रमुख डॉ. व्हिक्टर कांदे हे त्या देशातलेच, निद्रारोगात आयुष्य घातलेले डॉक्टर होते. जिथे वीज नव्हती अशा रुग्णालयांत सौर पॅनेल बसले, यंत्रं आली, परिचारक शिकून तयार झाले. ताताच्या रुग्णालयालाही त्यात जागा मिळाली.

आणि तिथे स्वयंपाकाला एक माणूस हवं होतं. गोळी जेवणासोबत घ्यायची, तर जेवण वेळेवर आणि पोटभर हवं. ती मुलगी आता पंचविशीची बाई झाली होती. तातानं तिला निरोप पाठवला, आणि ती आली.

ती पहाटे उठून चूल पेटवायची. कसावाच्या पिठाचा गोळा, त्याच्या पाल्याची भाजी, कधी घेवडा, कधी मासा. गोळी घेतल्यावर काहींना मळमळायचं, उलटी व्हायची. ती शेजारी बसून एकेक घास खायला लावायची. “आधी जेव, मग गोळी,” हे तिचं रोजचं वाक्य. ताता गोळ्या मोजून द्यायचा. मोठ्या माणसाला पहिले चार दिवस रोज तीन, पुढचे सहा दिवस रोज दोन. दहा दिवसांत चोवीस गोळ्या. सुई नाही, सलाइन नाही.

सगळ्यांना गोळ्या मिळत नसत. दोघांना गोळ्या, तर एकाला आधीचं सलाइन, आणि कुणाला काय ते चिठ्ठीसारखं नशिबानं ठरे. नवं औषध जुन्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय ते किती खरं, हे कळत नाही. बरं झालेल्यावरही दीड वर्ष नजर ठेवायची होती. ठरलेल्या वेळी त्यानं परत यायचं, पुन्हा कण्यात सुई घालून घ्यायची.

एक कोळी परत आला नाही. ताता आणि ती बाई होडी घेऊन त्याला शोधायला निघाले. तो पार वरच्या अंगाला, मासेमारीच्या तळावर जाळं विणत बसलेला सापडला. धडधाकट होता.

“मी बरा आहे,” तो म्हणाला. “मला दिसतंय, तुम्हालाही दिसतंय. मग पाठीत सुई कशाला?”

ताता काही बोलणार, इतक्यात बाई म्हणाली, “दादा, तू बरा आहेस हे कागदावर लिहिलं गेलं, तरच पुढच्या माणसाला गोळी मिळेल. माझ्या आईच्या वेळी असा कागद कुणापाशी नव्हता.”

कोळ्यानं जाळं गुंडाळून ठेवलं आणि तो होडीत येऊन बसला.

असे 394 रुग्ण होते. त्यांचा हिशेब 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षानंतर गोळ्या घेतलेल्या शंभरांतले साधारण 91 पूर्ण बरे होते. सलाइन घेतलेल्यांत हे प्रमाण 98 च्या जवळ होतं. आकड्यात गोळी मागे पडली होती, आणि हे कुणी लपवलं नाही. ज्यांचा आजार मेंदूत फारच पुढे गेला आहे, त्यांना सलाइनच द्यावं असंही ठरलं. पण तातानं आयुष्यभर ज्या माणसांची वाट पाहिली, ती या आकड्यांत नव्हतीच. खाट नाही, वाट नाही, सोबतीला माणूस नाही, म्हणून जी दवाखान्यात आलीच नाहीत, त्यांच्यापर्यंत सलाइन कधी पोचणार नव्हतं. गोळी पिशवीतून जाणार होती.

2018 च्या नोव्हेंबरात युरोपच्या औषध संस्थेनं अनुकूल मत दिलं. पुढच्याच महिन्यात कांगोनं मान्यता दिली. 2020 पासून चाचण्यांच्या बाहेरच्या रुग्णांनाही गोळ्या मिळू लागल्या. ताता तोवर निवृत्त झाला होता. पथकाची वही आता तरुणांच्या हाती होती. ती बाई मात्र त्या पथकाबरोबर गावोगाव जायला लागली होती. आंब्याखाली टेबल मांडलं, की माणसांना गोळा करायचं, भिणाऱ्यांची समजूत घालायची आणि ज्याला गोळी लागेल त्याच्या घरी जाऊन चुलीशी बसायचं, हे काम तिनं घेतलं.

ही माणसं कथेतली आहेत. औषध, वर्षं आणि आकडे खरे आहेत.

रेणू सापडला होता, त्याचा गुणही दिसला होता, आणि तरी तो वीसेक वर्षं पडून राहिला. अडलं होतं ते इतकंच, की हा शोध ज्यांच्या उपयोगाचा, त्यांना कुणी आपलं मानलं नव्हतं. एकदा मानल्यावर बुद्धी, पैसा, कंपनी, सरकार सगळं मागोमाग आलं. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. बिहारमधल्या काळ्या आजारावर तोंडानं घ्यायचं जे पहिलं औषध मिळालं, ते मिल्टेफोसिन, तेही मुळात कर्करोगासाठी केलेलं होतं. गरिबाच्या रोगावरचं औषध पुष्कळदा असं दुसऱ्या कुणासाठी केलेल्या कामात दडलेलं असतं. ते हुडकायला कुणीतरी मुद्दाम जावं लागतं.

निद्रारोगावरचं काम फेक्सिनिडॅझोलपाशी थांबलं नाही. अ‍ॅकोझिबोरोल नावाचं आणखी नवं औषध आहे, एकाच वेळी तीन गोळ्या घेतल्या की उपचार संपला असं. कांगो आणि गिनीतल्या रुग्णांवर घेतलेल्या त्याच्या चाचणीचे निकाल 2022 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते उत्तम आहेत. 2018 साली साऱ्या जगात या आजाराचे 977 रुग्ण नोंदले गेले. त्याच्या वीस वर्षं आधी ही संख्या चाळीस हजारांच्या घरात होती.

पण रुग्ण इतके कमी होण्याची ही पहिली वेळ नाही. 1960 च्या सुमारासही हा आजार आफ्रिकेतून जवळजवळ गेला होता. मग लढाया झाल्या, पैसा आटला, पथकं गावात जायची थांबली आणि तो पुन्हा हजारोंनी परतला. म्हणून आज ज्यांच्या हाती निधी आणि निर्णय आहेत, त्यांनी आकडा लहान झाला म्हणून हात आखडता घेऊ नये. शेवटचा रुग्ण सापडून बरा होईपर्यंत पथकं गावात गेलीच पाहिजेत.